व्यायामाची सावड

माझ्या कामाला आमच्या भागात धड नाव नव्हतं. कर्जतच्या दवाखान्यात माझ्या खोलीच्या दारावर 'फिजिओथेरपिस्ट' असं रंगवलेलं होतं, पण ते वाचून आत आलेला माणूस मला तरी आठवत नाही. कुणी मला मालीशवाल्या बाई म्हणायचं, कुणी कसरतीच्या बाई. माझे वडील, आबा, माझ्याबरोबर क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांना तर ही नोकरीच पटत नव्हती. "लेकरू वर्षाचं झालं की आपलं आपण चालाय लागतं. त्यासाठी दवाखाना तुला पगार देतो?" असं ते दर महिन्याला पगाराच्या दिवशी न चुकता विचारायचे. पगार मात्र आवडीनं ठेवून घ्यायचे.

दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरल्यावर वाटलं, आधी हे काम म्हणजे काय ते सांगून टाकावं, म्हणजे आबांना न पटलेलं वाचकांना तरी पटेल. लकवा झाला, अंगावरून वारं गेलं, की लोकांना दिसतो तो लुळा हात आणि ओढत टाकलेला पाय. ते हातपाय थोडेफार हलायला लागले की घरचे म्हणतात, झालं, माणूस बरा झाला. माझं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. कारण दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. एक म्हणजे तोल. शरीर मधोमध कुठे आहे हेच त्या माणसाला उमगत नाही, सगळा भार तो चांगल्या पायावर टाकतो आणि वळताना कोलमडतो. दुसरी म्हणजे थकवा. हा आपल्यासारखा थकवा नव्हे. सदरा घालून झाला की माणूस दिवसभर लाकडं फोडल्यासारखा गळून जातो. तो आळशी नसतो, ढोंगी नसतो, पण सांगणार कुणाला आणि कसं. आमच्या शिकण्याच्या पुस्तकांतही या थकव्याबद्दल दोन ओळींपेक्षा जास्त काही नव्हतं. जे कळलं ते लोकांच्या अंगणात कळलं.

आणि औषध दोन्हीवर एकच, व्यायाम. पण मापात, रोज, आणि अंगात अजून थोडी ताकद शिल्लक असतानाच थांबायचं. हे शेवटचं लोकांच्या गळी उतरवता उतरवता माझा आवाज बसायचा.

खालापूरच्या कचेरीतले एक भाऊसाहेब होते, कारकून. लकव्यातून उठून कामावर रुजू झाले, पण दुपार झाली की टेबलावर मान टाकायचे. साहेबांनी दोनदा तंबी दिली. मी त्यांना व्यायाम दिला तो अगदी साधा. खुर्चीच्या हातांना न धरता सावकाश उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा आणि तितकंच सावकाश बसायचं. "पण कचेरीत असा उठाबशा काढत बसलो तर लोक हसतील हो बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "टेबलापाशी कुणी आलं की उठायचं. हसणार कोण?" महिन्याभरात भाऊसाहेबांची तब्येत सुधारली ती सुधारलीच, पण तालुक्यात बोभाटा झाला की कचेरीत एक कारकून आहे, शेतकरी आला तरी उठून उभा राहतो. सातबाराचा उतारा काढायला लोक मुद्दाम त्यांच्याच टेबलाशी रांग लावायला लागले. भाऊसाहेब माझ्यावर जाम वैतागले, पण बसून राहायची सोयच उरली नव्हती.

आता पोशीरच्या बाळारामदादांचं सांगते. सांगायचं खरं तर तेच आहे, बाकीचं प्रस्तावनेत घाला.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. बाळाराम पन्नाशीचे, हाडापेरानं मजबूत, भातशेती करणारे. भात झोडून घरात आलं आणि दोन दिवसांनी सकाळी चूल पेटायच्या आत त्यांची डावी बाजू गेली. मी पहिल्यांदा पोशीरला गेले तेव्हा ते काठी टेकत घरात फिरत होते, स्वतःच्या हातानं जेवत होते, आणि घरचे देवाचे आभार मानून मोकळे झाले होते. फक्त माणूस गप्प झाला होता. पडवीत बाजेवर पडून राहायचे, कुणी आलं तर भिंतीकडे तोंड करायचे.

त्यांची बायको हिरावहिनी मला गोठ्याच्या कडेला घेऊन गेली आणि तिथं म्हणाली, "बाई, यांनी काल शेजारच्या जनूला बोलवून सांगतलं, सावडीतनं माजं नाव काढा म्हून. पायाचं ऱ्हाऊ द्या. माणूस सावडीच्या भायेर गेला ना, तर तो जगायचा नाय. मी वळखते त्याला."

सावड ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची लावणी म्हणजे चार दिवसांची घाई, आणि एका घराच्या हातांनी ती होत नाही. मग पाच-सहा घरं एक होतात. आज सगळे जनूच्या शेतावर, उद्या सगळे बाळारामच्या. मजुरी नाही, काही नाही. मी तुमच्याकडे आलो की तुम्ही माझ्याकडे यायचं, याला सावड फेडणं म्हणतात. ज्याला फेडता येत नाही तो आपणहून बाजूला होतो. त्याला कुणी काढत नाही, पण हाकही मारत नाही. बाळाराम आजवर सावडीत सगळ्यांच्या पुढे असायचे, आणि येत्या लावणीला आपण कुणाच्या शेतावर उभे राहू शकणार नाही हे त्यांनी बाजेवर पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं.

सावड हा शब्द मलाही नवा नव्हता. मी लोधिवलीची. आमच्या बौद्धवाडीत सावड होती, पण आमची आमच्यातच. गावातल्या लोकांची, बाळारामदादांसारख्यांची, वेगळी. आबा तरुणपणी गावातल्यांच्या शेतावर लावणीला जायचे ते मजुरीवर, आणि आमच्या एवढ्याशा तुकड्यावर गावातलं कुणी कधी उतरलं नाही. आबा याबद्दल तक्रार करायचे नाहीत. फक्त लावणीचे दिवस आले की ते जरा कमी बोलायचे.

तर मी बाळारामदादांना व्यायाम दिले. बाजेवरून न धरता उठायचं. उभं राहून भार एकदा उजव्या पायावर, एकदा डाव्या. पाट ओलांडायचा. हात लांब करून ओटीवरचा तांब्या उचलायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. थोडं करायचं, बसायचं, परत थोडं करायचं. त्यांनी मान हलवली. पुढच्या आठवड्यात जाऊन बघते तर माणूस तापल्यासारखा पडलेला. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पहाटे सुरुवात केली होती आणि आठवड्याचे सगळे व्यायाम दुपारपर्यंत उरकून टाकले होते.

"असं कोणी सांगितलं होतं?" मी चिडले. मी चिडते लवकर, ते पहिल्यापासूनचंच आहे.

"काम हातात घेतलं की उरकायचं असतं, बाई," ते भिंतीकडे बघत म्हणाले.

"मधे मधे बसायला सांगितलं होतं ना मी?"

"अर्धं काम टाकून बसू? रस्त्यानं जाणारा काय म्हनंल? बाळाराम बसूनच व्यायाम करतो?"

मी पुन्हा सगळं समजावलं, दम भरला, हिरावहिनीला साक्षीला ठेवलं आणि निघाले. त्यापुढच्या आठवड्यात एसटीतून उतरून त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि जागीच थांबले.

अंगणात पाच-सहा जण उभे होते. शेजारचा जनू धोतर खोचून पाटावर चढत होता, उतरत होता. एक म्हातारबुवा भार या पायावरून त्या पायावर घेत देवळातल्या घंटेसारखे हलत होते. भागीरथीकाकू, चांगल्या भरल्या अंगाची बाई, बाजेवरून उठत होती, बसत होती, आणि बाज करकरत होती. आणि बाळारामदादा पडवीत पांघरूण घेऊन आडवे.

"काय चाललंय काय हे?" मी विचारलं.

जनू घाम पुसत म्हणाला, "बाई, बाळारामचा जीव दमलाय. कालपासनं उठला नाय. तुमी रागावाल म्हून मंग आमी सावड घातली. त्याच्या वाटचं सगळं झालं बगा. एक तेवडं तांब्याचं ऱ्हायलंय."

मी हसले नाही. आधी मी चांगलं पाच मिनिटं ओरडले. त्याचं औषध तुम्ही प्यालात तर तो बरा होईल का, असं विचारलं. जनू शांतपणे म्हणाला, "औषध कुटं हाय बाई? बाळारामच म्हनला ना, काम हाय म्हून. काम तर सावडीनं व्हतंच की." भागीरथीकाकू बाजेवर बसून धापा टाकत म्हणाली, "एक मात्र खरं बाई. हे सोपं नाय. या गुडघ्यानं माजा जीव घेतला."

परत जाताना एसटीची वाट बघत झाडाखाली बसले तेव्हा मला हसू यायला लागलं. शेजारी बसलेल्या बाईनं जरा सरकून घेतलं इतकं हसले. आणि हसता हसता एकदम लक्षात आलं. बाळारामदादांना बसायची लाज वाटत होती, कारण त्यांना एकट्यानं बसावं लागत होतं. पण लावणीच्या ओळीत, खळ्यावर, विहिरीवर माणूस आपला नंबर यायची वाट बघत उभा राहतो, टेकतो, तंबाखू मळतो, त्याला कुणी आळशी म्हणतं का? आपल्या पाळीची वाट बघणारा माणूस कामावरच असतो.

पुढच्या आठवड्यात मी जाऊन सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "सावड घालायची ना, मग नीट घाला. बाळारामदादांच्या बदली नाही, बरोबर. एकानं करायचं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. दादांची पाळी झाली की सगळ्यांची होईपर्यंत त्यांनी टेकायचं. आपली पाळी सोडायची नाही आणि दुसऱ्याची घ्यायची नाही."

दादा पडवीतून बघत होते. जनू म्हणाला, "उठ रं बाळा. तुज्या घरची सावड आनि तूच नाय?" दादा उठले. काठी घेतली, परत ठेवली, परत घेतली. मी म्हटलं, घ्या काठी, काठीला काय मनाई नाही.

मग ती सावड चालू झाली. रोज संध्याकाळी, गुरं आत बांधली की. मी आठवड्यातून एकदाच जायचे, पण माझी गरज कमी आणि माझा दरारा जास्त अशी अवस्था होती. जमिनीवर एक लांब वासा आडवा टाकला होता. त्यावरून अनवाणी, टाचेला बोट लावत चालायचं. पेंढ्याची गुंडी एका बाजूनं घेऊन कमरेत वळून दुसऱ्या बाजूला द्यायची. एका पायावर उभं राहायचं, आणि मी दवाखान्यात लोकांना भिंतीला हात लावू द्यायचे, तिथं जनूचा खांदा असायचा. गंमत अशी की तोल कुणाचाच धड नव्हता. म्हातारबुवा वाशावरून दर वेळी एकाच बाजूला उतरायचे. भागीरथीकाकू पडली तर तिला उचलायला तिघं लागायचे, म्हणून तिची पाळी आली की सगळे आधीच जवळ येऊन उभे राहायचे, आणि ती म्हणायची, "लांब व्हा रं मेल्यांनो, मी काय आत्ताच नाय पडत." बाळारामदादा टेकून बघायचे आणि मग पाळी आली की उठायचे. थकवा एका दिवसात गेला नाही. पण दर आठवड्याला त्यांचा चेहरा पाळी संपल्यावर जरा उशिरानं उतरायचा. मी मनात म्हणायचे, चाललंय, चाललंय.

उन्हाळ्यात आम्ही सगळी सावड कोरड्या शेतात नेली, बांधावर. बांध म्हणजे वीतभर रुंद, वाकडातिकडा, मधेच ढासळलेला. दवाखान्याच्या लादीवर मी माणसाला वर्षभर चालवलं असतं तरी बांध आला नसता, हे मला त्या बांधावरच कळलं. दादांच्या पायाला तो बांध ओळखीचा होता. वाशावर अडखळणारा डावा पाय तिथं आपसूक बोटं रोवायचा. काठी त्यांनी कधी टाकली ते मला दिसलंच नाही. हिरावहिनीनं दाखवलं, ती गोठ्याच्या कुडाला टेकून ठेवलेली होती.

पण दादा हसत नव्हते. बोलायचे, पाळी घ्यायचे, हसायचे मात्र नाहीत. सगळ्यांच्या मनात एकच होतं, लावणी. अंगणातली सावड ती अंगणातली. खरी सावड चिखलात फेडायची असते, आणि तिथं दिवसभर वाकून रोप लावणं दादांना जमणार नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं होतं. खोटी आशा मी कुणाला दिली नाही.

पाऊस लागला, चिखलणी झाली. लावणीचा पहिला दिवस जनूच्या शेतावर होता. माझा नेमका पोशीरचा वार, म्हणून मी थेट शेतावरच गेले. खाचरात ओळ लागली होती, पावसासाठी पाठीवर घेतलेली पानांची इरली वाकलेली, आणि बांधावर एकटे बाळारामदादा उभे. त्यांच्या पायाशी रोपांच्या मुठींचा ढीग. ते वाकून मूठ उचलत होते, भार डाव्या पायावर घेत होते आणि उजव्या हातानं फेकत होते. मूठ बरोबर लावणाऱ्याच्या मागं, हाताला येईल अशी पडत होती. लावणीत हे काम असतंच, आणि ते एखाद्या पोराकडे नाहीतर दमलेल्या माणसाकडे देतात. पण बांधावर उभं राहून वाकायचं, उठायचं, फेकायचं आणि पडायचं नाही, हे माझ्या खोलीतल्या कुठल्याही व्यायामापेक्षा अवघड होतं. मी बघत राहिले.

थोड्या वेळानं त्यांचा हात जरा जड झाला. मूठ अलीकडे पडली. लगेच जनू ओळीतून ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पाठ धरली बगा. टेका रं जरा." सगळी ओळ ताठ झाली. भागीरथीकाकूनं पानाची पिशवी काढली. दादा बांधावर बसले. पाळी संपली की टेकायचं, तसंच, काही विशेष नसल्यासारखं.

"जन्या, तुजी पाठ कवा धरते ते मला चांगलं ठावं हाय," दादा म्हणाले.

"धरते तर धरते. माजं शेत, माजी पाठ," जनू म्हणाला.

मला राहवलं नाही. मी त्यांच्याकडे बांधावरून तरातरा निघाले, पायात चपला, हातात छत्री, आणि चौथ्या का पाचव्या पावलाला सगळ्या सावडीसमोर खाचरात आडवी झाले. पदर, छत्री, चिखल, सगळं एक झालं. आणि बाळारामदादा हसायला लागले. तोंड एका बाजूला जरा वाकडंच उघडायचं, तसेच हसले, आणि ते थांबेनात. हसता हसताच उठले, बांधावरून माझ्यापाशी आले, आणि मला ऐकू जाईल असं, माझ्याच सुरात स्वतःला सूचना देत म्हणाले, "आधी भार डाव्या पायावर. आता वाका. आता हात द्या बाई." आणि त्यांनी मला वर ओढलं. हिरावहिनी तिकडे ओळीत उभी राहून तोंडाला पदर लावून रडत होती की हसत होती ते सांगता येणार नाही. मी स्वतः दोन्ही करत होते.

त्या पडण्यात माझ्या घोट्याचं हाड चिरलं होतं. प्लास्टर पडलं, पोशीर बंद झालं. आणि प्लास्टर काढल्यावर मी काय केलं? काही नाही. अख्ख्या तालुक्याला व्यायाम शिकवणारी बाई, आपला पाय खुर्चीवर ठेवून उद्यापासून करू म्हणत बसून राहिले. आबा म्हणाले, "आता तुला चालायला कोण शिकवंल?" त्यांना फार बरं वाटत होतं असा प्रश्न विचारताना.

श्रावणात शेतावरची घाई सरल्यावर एका सकाळी दारात काठी नसलेली पावलं वाजली. बघते तर बाळारामदादा उंबरा ओलांडत होते, डावा पाय आधी. मागं हिरावहिनी, जनू आणि गुडघ्यावर हात ठेवून भागीरथीकाकू. पोशीरहून नेरळ, नेरळहून एसटी बदलून आले होते.

"दवाखान्यातला कम्पाउंडर म्हनाला, तुमी व्यायाम करत नाय," दादा म्हणाले.

मी काहीतरी कारण सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "तुमी आमच्या अंगनात येत व्हता, आमच्या बांधावर आलात, चिकलात पन उतरलात. तुमची सावड ऱ्हायलीय. ती फेडाय आलोय."

हिरावहिनी मला काही न विचारता आत गेली आणि तिनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. जनूनं खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि माझ्या त्या लहानशा खोलीत ती माणसं एकामागे एक ओळीनं उभी राहिली. पहिली पाळी माझी. एका पायावर उभं राहायचं, दादांच्या खांद्याला हात लावून.

आबा आतल्या खोलीतून म्हणाले, "कोण आलंय गं?"

मी तोल सांभाळत दादांचा खांदा घट्ट धरला. "पोशीरची माणसं आलीत आबा," मी म्हटलं. "आपल्याकडं सावडीला."

मग आबा बाहेर आले. त्यांनी डोक्याला फेटा बांधला होता. एकेकाकडे बघितलं, काठी भिंतीला टेकवली आणि भागीरथीकाकूच्या मागं जाऊन उभे राहिले.

"माझी पाळी कितवी?" त्यांनी विचारलं.